कोल्टचं श्रेय आणि तांब्याची टोपी

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा, की रिव्हॉल्व्हरवरच्या लेखात मी अमेरिकी पिस्तूलकार सॅम्युएल कोल्टचं श्रेय काढून एका स्कॉटिश पाद्र्याच्या पदरात टाकलं. फिरतं सिलिंडर हाच खरा शोध, बार पेटवणारी तांब्याची टोपी ही नुसती सोय, आणि १८५१ साली बोस्टनच्या न्यायालयाने कोल्टच्या बाजूने निकाल दिल्यावर वाद उरतोच कुठे, असं तुम्ही विचारता.

फिरतं सिलिंडर कोल्टच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. हे खुद्द कोल्टनेच सांगितलंय. नोव्हेंबर १८५१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये त्याने निबंध वाचला, त्यात टॉवर ऑफ लंडनमधल्या जुन्या फिरत्या बंदुकांची माहिती दिली. मग ती हत्यारं सामान्य शिपायांकडे का पोचली नाहीत? माझा सगळा लेख या एका प्रश्नासाठी होता.

उत्तर रंजकात आहे. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीत आतला बार पेटवायला बाहेरच्या पेल्यात थोडी सुटी दारू, म्हणजे रंजक, घालावी लागे. एका बाराला हे ठीक. पण पाच बार भरलेले, आणि प्रत्येकासाठी रंजक वेगळं! सिलिंडर फिरलं की ते सांडणार, पावसात भिजणार, ठिणगी सिलिंडरच्या शेजारच्या घरात, म्हणजे बार भरायच्या पोकळीत, गेली तर भलताच बार उडणार. एलिशा कोलियरने १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं. त्याच्या बंदुकीत रंजक आपोआप पेल्यात पडण्याची तजवीज होती. कारागिरी अप्रतिम, पण गुंतागुंत इतकी, की ती थोड्या श्रीमंतांपुरतीच राहिली.

आता तो पाद्री. ॲबर्डीनजवळच्या बेलहेल्वीचा अलेक्झांडर फोर्सिथ शिकारीचा शौकीन होता. रंजकाचा भपका दिसताच पक्षी उडून जात, म्हणून त्याने फल्मिनेट हे आघाताने पेटणारं स्फोटक वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली. ती नेमकी कोणाची, यावर अनेकांनी हक्क सांगितला. आपण दिवाळीत टिकल्या फोडायचो ना, तत्त्व तेच. सिलिंडरच्या प्रत्येक घरामागे पोकळ खुंटी, खुंटीवर टोपी, घोडा, म्हणजे बंदुकीची हातोडी, आपटला की ज्वाळा थेट आतल्या दारूत. सांडायला काही नाही, आणि पावसाची भीतीही पुष्कळ कमी. म्हणून १८३०च्या दशकात कोल्टच्या बरोबरीने बेल्जियममध्ये मारिएटची आणि अमेरिकेत इथन ॲलनची अनेक नळ्यांची पिस्तुलं निघाली. टोपी हाती आल्यावर एवढ्या ठिकाणी एकदम वाट मोकळी झाली, याला मी योगायोग मानत नाही.

कोल्टचं श्रेय मला कमी करायचं नाही. घोडा मागे ओढताच सिलिंडर एक घर पुढे सरकतं आणि नळीसमोर पक्कं अडकतं, ही जुळणी त्याची. खुंट्यांच्या मध्ये आडभिंती घालून एका टोपीची आग दुसरीपर्यंत जाणार नाही, हेही त्याने पाहिलं. बोस्टनला मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीविरुद्ध तो जिंकला तो या यंत्रणेच्या हक्कावर. फिरत्या सिलिंडरची कल्पनाच त्याची, असं त्या निकालाने ठरत नाही. कलकत्त्याला निघालेल्या कोर्व्हो जहाजावर सोळा वर्षांच्या कोल्टने लाकडाचा नमुना कोरला, ही गोष्ट तुमच्याइतकीच मलाही प्रिय आहे. पण त्या नमुन्याला पेटवणारी टोपी तेव्हा बाजारात विकत मिळत होती.

कोल्टच्या पॅटर्सन पिस्तुलाबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. १८३६ च्या पेटंटनंतर न्यू जर्सीत बनलेलं ते पिस्तूल पाचबारी होतं, मी सहाबारी लिहिलं. सहा घरं आली ती १८४७ च्या वॉकर पिस्तुलात. पॅटर्सन बनवणारा कोल्टचा कारखाना १८४२ मध्येच बंद पडला होता, आणि टेक्सास रेंजर्सच्या सॅम्युएल वॉकरने सैन्यासाठी हजार पिस्तुलांची मागणी आणली नसती, तर कोल्ट पुन्हा उभा राहिला असता असं मला वाटत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.