हो, आम्ही लोळलो

आज दुपारी लंच टाइममध्ये गाडीत बसून डबा खात होते, तेवढ्यात माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा भारतातून फोन आला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले, म्हणजे तिच्या सासूबाई झोपल्या असणार. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "अगं, तुझ्याकडे त्या पिरॅमिडचा एखादा फोटो आहे का?"

"कुठला पिरॅमिड?"

"मेक्सिकोतला गं. मी फोटोत नसले तरी चालेल. मीच काढला म्हणून सांगेन."

घास घशातच राहिला माझा.

घरी जो येतो तो तिला विचारतो, मेक्सिकोत काय काय पाहिलंस? ती सांगते, समुद्र. आणि? आणि काही नाही म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. एका नातेवाईकांनी तर तोंडावर विचारलं, "म्हणजे एवढे पैसे घालून तुम्ही चौघी तिथे नुसत्या लोळलात?" म्हणून तिला आता पुरावा हवाय. बावन्न वर्षांची बाई नऊ वर्षांत पहिल्यांदा पाच दिवस स्वतःसाठी कुठेतरी गेली, आणि तिला घरात दाखवायला पिरॅमिड हवाय!

तेव्हापासून डोकं तापलंय. ऑफिसात एक काम धड झालं नाही. आता जेवणं आटपून लिहायला बसलेय. तिला विचारूनच लिहितेय. "लिही, फक्त नाव-गाव नको," म्हणाली.

तर हो. आम्ही लोळलो. पाचही दिवस.

आम्ही कॉलेजच्या चार मैत्रिणी. मी ह्यूस्टनला, एक न्यू जर्सीत, एक टोरंटोत, आणि ही भारतात. मे महिन्यात तिच्या मुलाचा पदवीदान समारंभ होता म्हणून ती इकडे आली. अमेरिकेचा व्हिसा हातात असला की मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही, हे टोरंटोवालीने शोधून काढलं आणि दोन दिवसांत तिकिटं झाली. ह्यूस्टनहून कॅनकून सव्वादोन तासांवर. तिथे उतरून दक्षिणेला अर्धा तासही जायचं नाही, की पुएर्तो मोरेलोस लागतं. कॅनकून हे सरकारने 1970 च्या दशकात आखून, ठरवून वसवलेलं हॉटेलांचं शहर. खाली प्लाया देल कार्मेन, तिथेही गर्दी. हे गाव दोघांच्या मध्ये. एक चौक, एक धक्का, मचवे, आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर प्रवाळाची लांबच लांब भिंत. ती 1998 पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे. लाटा तिथेच बाहेर फुटतात. आत पाणी कसं, तर देवळामागच्या तळ्यासारखं. गावाबाहेर एक रिसॉर्ट घेतलं, मनगटाला पट्टा बांधला की खाणंपिणं सगळं त्यातच.

पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर ही ताटल्या एकात एक रचायला लागली. वेटर धावत आला, "नो, सेन्योरा." संध्याकाळी खोलीत बघते तर टॉवेलांच्या घड्या घालून ठेवलेल्या, चादर ओढून सरळ केलेली. रात्री तीन वाजता मला जाग आली तेव्हा ही दिवा न लावता पलंगावर बसलेली. "सवय आहे गं, या वेळेला त्या उठतात." तिच्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे. नऊ वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून आम्ही किनाऱ्यावर गेलो. झावळ्यांच्या छपराखाली दोन खांबांना हॅमॉक, म्हणजे झोपायची झोळी, टांगलेली होती. युकातानात, म्हणजे मेक्सिकोच्या त्या भागात, ती काही पाहुण्यांसाठी आणलेली चैन नाही. तिथल्या मूळच्या माया लोकांच्या घरांत भिंतींना कड्याच असतात, रात्री त्यांना हॅमॉक अडकवायची, सकाळी काढून ठेवायची. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळे त्यात झोपतात. ही आधी नुसती कडेला बसली, पाय जमिनीवर टेकवून, मंगळागौरीच्या झोपाळ्यावर बसावं तशी. मग पाय वर घेतले. आम्ही तिघी काहीतरी बोलत होतो, तिच्याकडे वळून बघतो तर झोप लागलेली.

दहा वाजता झोपली ती साडेबाराला उठली. अडीच तास!

तो किनारा पूर्वेकडचा. सकाळचं ऊन समोरून, समुद्रावरून तिरपं आत येतं. ते तिच्या पायावर आलं तेव्हा आम्ही दोरीला टॉवेल बांधला. मग ऊन सरकलं, टॉवेल सरकवला. पुन्हा सरकलं. कुणी ठरवलं नव्हतं, पण एकीचं लक्ष तिच्याकडे असायचंच. न्यू जर्सीवाली पाण्यात जायची तर मी बसायची, मी उठले तर ती यायची. मध्ये तिचा फोन वाजला. तिथले सकाळचे साडेदहा म्हणजे भारतात रात्रीचे नऊ. तिचे दीर. मी उचलला. "वहिनींना द्या जरा, आईच्या रात्रीच्या गोळ्यांचं विचारायचंय." मी म्हटलं, ती झोपली आहे. डब्यावर वार लिहिलेत, सकाळ-रात्र लिहिलंय, बघा. ते म्हणाले, दोन मिनिटं उठवा ना.

मी नाही उठवलं.

दुसऱ्याचा फोन उचलून परस्पर उत्तर देणं चूक असेल, मान्य. तिने स्वतः आठवणीने, सुवाच्य अक्षरात चिकटवलेल्या चिठ्ठ्या चार पावलांवर होत्या, आणि गोळी वेळेवर दिली गेली, हे नंतर कळलंच.

आता मला सांगा, या अडीच तासांचा फोटो घरी कसा दाखवायचा? यात "काय पाहिलं"? काहीच नाही!

मला चिचेन इत्झाच्या त्या पिरॅमिडबद्दल कुणी शिकवू नये. मी दहा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर जाऊन आलेय. चार बाजूंना प्रत्येकी एक्क्याण्णव पायऱ्या आणि वरची एक मिळून 365, वर्षाच्या दिवसांइतक्या. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा उतरत्या उन्हात जिन्याच्या कठड्यावर सावलीचा साप उतरतो. अप्रतिम आहे, त्यावर वादच नाही. पण पुएर्तो मोरेलोसहून तिथे जायला अडीच तास, यायला अडीच तास, आणि मध्ये रणरणत्या उन्हात उभं राहायचं. वर चढायलाही आता बंदी आहे. पुन्हा तेच अडीच तास बघा. एवढ्याच वेळात ती झोपली होती. कुठले अडीच तास जास्त मोलाचे होते हे ज्याला कळत नाही, त्याला मी काय सांगू?

आपल्याकडे सहल म्हणजे पॉइंट्स. बसमधून उतरा, वीस मिनिटं, फोटो, चढा. किती पॉइंट्स झाले, किती राहिले. पहाटे पाचला उठवतात लोकांना, सुट्टीत! आणि परत आल्यावर दहा माणसांना यादी म्हणून दाखवायची. बाईने तर दाखवायचीच. तुमच्या घरातले पुरुष दरवर्षी मित्रांबरोबर गोव्याला जातात ना? परत आल्यावर त्यांना कुणी विचारलंय, बॉम जेझूस बॅसिलिका पाहिलीत का? मंगेशीला गेला होतात का? कधीच नाही. ते "फ्रेश होऊन" येतात. आम्ही लोळून येतो.

लिहिता लिहिता हात थरथरायला लागलेत. चहा करून आले.

एक गोष्ट मला टाळायची नाही. आमच्या लोळण्यासाठी तिथे कुणीतरी राबत होतं. मे महिना म्हणजे सार्गासमचा. ते तपकिरी समुद्री शेवाळ गेली काही वर्षं त्या किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन पडतं आणि सडलं की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. पहाटे फिरायला गेलो की माणसं दाताळी, हातगाड्या घेऊन ते उचलत असायची, आम्हाला आठ वाजता स्वच्छ वाळू मिळावी म्हणून. आमची खोली झाडणारी बाई मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या चियापास राज्यातली, मुलं गावी आजीकडे. तिला कोण सुट्टी देतं? याला माझ्याकडे उत्तर नाही. टीप ठेवली म्हणून सुटत नाही ते, कळतंय मला.

पण म्हणून माझ्या मैत्रिणीने झोपायचं नाही का? हा हिशोब नेमका तिच्याच झोपेपाशी येऊन का थांबतो?

आणि विश्रांती ही फक्त पाहुण्यांची चैन असंही नाही. रविवारी गावातला किनारा तिथल्याच माणसांनी भरला होता. मेक्सिकोत समुद्रकिनारा सगळ्यांचा, हॉटेलला तो अडवता येत नाही. 2020 मध्ये कायद्यात दंडाची तरतूदसुद्धा केली. आज्या, सुना, जावई, लेकरं, बर्फाचे डबे, पातेलीच्या पातेली घरचं जेवण. दिवसभर पाण्यात बसून होते सगळे. एक आजी तर अंगभर कपड्यांत छातीभर पाण्यात खुर्ची टाकून बसली होती. सकाळी होती, दुपारी होती, चार वाजताही होती. तिला घरी गेल्यावर कुणी विचारलं असेल का, काय पाहिलंस?

गावच्या चौकाजवळ एक जुना दीपस्तंभ आहे, छोटासा. 1967 च्या बेऊला नावाच्या चक्रीवादळाने तो कलला. तसाच राहिला. गावकऱ्यांनी तो पाडला नाही, सरळही केला नाही. शेजारी नवा बांधला आणि कामाला लावला. ही त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, "बघ, ह्याला कुणी सरळ हो म्हणत नाही."

तिथे मी रडले नाही. आता लिहिताना रडू येतंय.

खरं सांगू? हे माहेरपण होतं. दुसरा शब्द नाही. आमच्या आयांच्या वेळी बाई वर्षातून एकदा माहेरी जायची, आणि आजी तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. "झोप गं जरा." दुपारी पंखा लावून लेक झोपायची आणि कुणी विचारायचं नाही की तिथे जाऊन काय पाहिलंस. आम्ही चौघीही पन्नाशीपार, चौघींच्याही आया गेल्या. दोघींची माहेरची घरं विकली गेली. झोप गं जरा म्हणायला कोण उरलंय? मग आम्हीच एकमेकींना म्हटलं. त्यासाठी समुद्रापार जावं लागलं, कारण गुहागरला किंवा तारकर्लीला गेलो असतो तर तिसऱ्या तासाला कुणीतरी गाडी घेऊन न्यायला आलं असतं. हे मी उगाच म्हणत नाही, मागच्या खेपेला आलंच होतं.

आणि अगदी काहीच पाहिलं नाही असंही नाही हं. चौथ्या दिवशी जेवणानंतर वेटरने फळं आणली. त्यात चिकू. हिने एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मोठे केले. "इथे चिकू कसा?" वेटर म्हणाला, इथलाच आहे, चिकोसापोते. त्याचे आजोबा चिक्लेरो होते. जंगलात जाऊन चिकूच्या खोडाला नागमोडी चरे पाडायचे आणि गळणारा चीक गोळा करायचे. त्याच चिकापासून च्युइंग गम व्हायचं, आणि पुएर्तो मोरेलोस हे मूळचं तो चीक आणि जंगलातलं लाकूड बाहेर पाठवणारं बंदर. आपला घोलवडचा चिकू म्हणजे हेच झाड, नावसुद्धा तिकडूनच आलेलं. ती किती वेळ त्या मुलाशी बोलत होती! तिला स्पॅनिश येत नाही, त्याचं इंग्रजी जेमतेम. तरी तिने त्याला हातवारे करून सांगितलं की आमच्या परसात दोन झाडं आहेत, आणि वटवाघळं येतात. वटवाघूळ करून दाखवलं तिने, दोन्ही हात पसरून. कॉलेजातली ती मुलगी मला वीस-पंचवीस वर्षांनी दिसली.

हे सांगितलं का तिने घरी? विचारलं मी आज. म्हणाली, "कुणी तेवढं ऐकून घेत नाही गं. पिरॅमिड म्हटलं की लगेच कळतं त्यांना."

मघाशी रागाने ठरवलं होतं की तिला फोटो अजिबात पाठवायचा नाही. का म्हणून खोटं बोलायचं तिने? पण राग करून मी इथे ह्यूस्टनला बसणार, आणि उद्या सकाळी चहाच्या वेळी त्या प्रश्नासमोर उभी राहणार ती.

तिला मी हॅमॉकमधला फोटो पाठवला. टॉवेल दोरीला बांधलेला, तोंड थोडं उघडं, एक हात खाली लोंबतोय, मागे तो हिरवट निळा समुद्र. तिकडे आता सकाळ झालीय. उत्तर आलं, "हा घरी नाही दाखवता येणार. पण मला हवा होता. कधी काढलास?"

आणि त्याच्याखाली, "पिरॅमिडचाही पाठव ना."

दहा वर्षांपूर्वीचे फोटो जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत. काढून बसलेय. एकात नवरा नाही, मी नाही, नुसता पिरॅमिड आहे. तो पाठवते.