पुलाच्या रंगाची वर्गणी मी देणार नाही

स्टेशन रोडच्या रेल्वे पुलाला रंग द्यायचा, त्यासाठी घरटी ५०० रुपये काढायचे, असा मेसेज परवापासून गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आत पूल तिरंगी करायचा, मधोमध गावाचं नाव, दोन्ही बाजूंना महापुरुषांची चित्रं आणि खाली 'सौजन्य' म्हणून देणगीदारांची यादी. पोरांचा उत्साह खरा आहे, त्यांच्या मनात काही काळंबेरं नाही. पण मी वर्गणी देणार नाही. काल टपरीवर एकानं ऐकवलंच, "सर, पाचशे रुपयांसाठी एवढं?" म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

पूल रेल्वेचा आहे. वरून गाडी रेल्वेची जाते, तिकिटाचे पैसे रेल्वे घेते, कोळसा, खत, सिमेंटच्या मालगाड्यांचं भाडंही तीच घेते. बैल ज्याचा, वैरण त्याची. खरं तर पोस्ट इथंच संपायला हवी, पण आपल्याकडं रंग म्हटलं की लोकांना दिवाळी, लग्न आणि निवडणूक आठवते. लोखंडी पुलाचा रंग शोभेसाठी नसतोच. तो निघाला की पूल कुरूप होतो हे खरं, पण त्याआधी गंजानं पुलाचं लोखंड पातळ व्हायला लागतं.

पुलाखाली उभं राहून एकदा मान वर करून बघा. पूल जुना, वेल्डिंगचा नाही, तापवून ठोकलेल्या रिव्हेटांचा, म्हणजे जाड टोपीच्या लोखंडी खिळ्यांचा. गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या आडव्या लोखंडी तुळईच्या पोटाला रिव्हेटांच्या ओळीच्या ओळी आहेत. त्यातल्या काही टोप्यांखालून तपकिरी ओघळ खाली उतरलेत. असा ओघळ दिसला की जाणकार माणूस थांबतो, कारण तो रिव्हेट ढिला असू शकतो. गाडी गेली की तो कणभर हलतो, फटीत पाणी शिरतं, गंज बाहेर येतो. पुलांची तपासणी करणारा माणूस टोपीच्या एका बाजूला बोट टेकवतो, दुसऱ्या बाजूनं हातोडी मारतो आणि बोटाला लागणाऱ्या हादऱ्यावरून सांगतो की रिव्हेट घट्ट आहे की सुटला. आपण काय करणार? त्या ओघळावर पांढरा ऑइलपेंट फासणार. खाली गंज चालूच राहील, वरून मात्र पुढच्या तपासणीत काही दिसणार नाही. गर्डरला बारीक चीर असली तर तीही बुजली. म्हणजे वर्गणी काढून आपण पूल सुधारणार नाही, त्याचं दुखणं झाकणार.

खऱ्या रंगकामात रंग सगळ्यात शेवटी येतो. आधी जुना रंग आणि गंजाचे पापुद्रे स्क्रेपरनं, वायर ब्रशनं खरवडायचे, जास्त खराब असेल तिथं सँड ब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा. लोखंड उघडं पडलं की ते तसंच ताटकळत ठेवायचं नाही, लगेच प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर. मग त्यावर अॅल्युमिनियम पेंटचे दोन हात. रेल्वेचे पूल रुपेरी दिसतात ते यामुळं. आपल्यासारख्या कोरड्या हवेत हे काम साधारण पाच-सहा वर्षांनी व्हावं अशी अपेक्षा असते, समुद्रकाठी त्याहून लवकर. कधी झालं त्याची तारीख गर्डरवरच लिहून ठेवायची रीत आहे. आपल्या पुलावरही ती आहे, उत्तरेकडच्या टोकाला. पापुद्र्यांबरोबर अर्धी गळून पडलीय. महिना वाचता येतो, साल नाही.

आणि एक गोष्ट पोरांना कुणी सांगितलेली दिसत नाही. पूर्वी लोखंडाला प्रायमर म्हणून सर्रास रेड लेड वापरत, म्हणजे शेंदूरच, शिशाचा. जुन्या पुलावर रंगाचे थर एकावर एक बसलेले असतात, आणि तळच्या थरात शिसं असण्याची दाट शक्यता असते. पंधरा-वीस पोरं तोंडाला रुमाल बांधून वायर ब्रश घासायला लागली तर ती भुकटी कुठं पडणार? खाली भाजीवाल्या बाया बसतात, मेथीच्या जुड्या उघड्यावर असतात. वर आता २५ हजार व्होल्टची तार आहे. अॅल्युमिनियमची शिडी घेऊन तिच्या आसपास जाण्याची कल्पनाही नको. शिवाय परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड. हे काम हौशी मंडळाचं नाहीच.

आता दुसरी बाजू. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आहेत, त्यांचं म्हणणं, "सर, रेल्वेकडं पैसा कुठंय? तुमच्या तिकिटावरच लिहिलंय, प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात." बरोबर आहे. रेल्वे १०० रुपये कमावते आणि त्यातले ९८ च्या आसपास चालवण्यातच जातात, हेही खरं. पण तंगी आली की पहिली कात्री देखभालीला का लागते, हा माझा प्रश्न आहे. २०१७-१८ मध्ये राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला, पाच वर्षांत १ लाख कोटींचा, नंतर तो पुढंही चालू ठेवला. तो कशासाठी आहे? पुलासारख्या, जीव अवलंबून असलेल्या गोष्टींसाठीच. अमृत भारत योजनेत मराठवाड्यातल्या स्टेशनांच्या दर्शनी भागांवर, कमानींवर खर्च चाललाय. होऊ द्या, मला आनंदच आहे. पण कमानीसाठी पैसे निघतात आणि जिच्यावरून हजार माणसं घेऊन गाडी जाते त्या गर्डरसाठी गावानं झोळी फिरवायची, हे गणित मला पटत नाही.

गंज आला कुठून हेही बघा. पाऊस आहेच. पण वर्षानुवर्षं डब्यांचे संडास थेट रुळांवर उघडत होते, आणि ते सगळं गर्डरवर पडत होतं. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर समितीनं रेल्वेच्या सुरक्षेवर अहवाल दिला, त्यात या घाणीनं होणाऱ्या गंजाचा मुद्दा ठळकपणे मांडला होता. बायो-टॉयलेट सगळीकडं बसायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. तेव्हा हे नुकसान रेल्वेनं स्वतःच्या हातानं केलेलं आहे. त्याची भरपाई पुलाखालून चालत जाणाऱ्यानं का करायची?

मात्र सगळंच रेल्वेच्या गळ्यात बांधू नका. पुलाखालचा रस्ता, गटार, दिवे हे नगरपरिषदेचं काम. पहिल्या पावसात तिथं गुडघाभर पाणी साचतं, पाया कायम ओला राहतो, आणि गटार कुणी उपसत नाही. दिवा एक आहे, तो दिवसा चालू असतो. आणि गर्डरच्या खालच्या कडेला जे पोचे पडलेत ते गंजानं पडलेले नाहीत. ते उसाच्या ट्रॉल्यांचे आहेत. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडून, वर माणसाच्या उंचीएवढा जादा ऊस रचून ट्रॅक्टर येतो. पुलाच्या अलीकडच्या बाजूला उंच वाहनं अडवणारी हाईट गेजची लोखंडी चौकट होती, ती एका ट्रॉलीनंच वाकवली आणि नंतर कुणी उभी केली नाही. त्या पोच्याचे पैसे ट्रॉलीवाल्याकडून आणि जो कारखाना त्याला तसं भरून आणू देतो त्याच्याकडून वसूल व्हायला हवेत. इथं मात्र गावानं दबाव आणावा. पण नातेवाईकच ट्रॅक्टरवाला असतो ना, मग सगळे गप्प.

मला खरी भीती वेगळीच आहे. एकदा आपण रंग दिला, फोटो पेपरात आले, खाली आपली नावं लागली, की पुढच्या वेळी उत्तर तयार असेल: "त्या पुलाची देखभाल स्थानिक लोक करतात." मुंबईत काय झालं आठवा. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. रेल्वे म्हणाली पूल महापालिकेचा, महापालिका म्हणाली देखभालीचे पैसे आम्ही रेल्वेला देतो. पुढच्याच वर्षी, १४ मार्च २०१९ ला, सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, किरकोळ दुरुस्ती सांगून ऑडिटनं धडधाकट ठरवलेला. सुरुवातीला तिथंही तीच टोलवाटोलवी. पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल २०२५ च्या जूनमध्ये गर्दीच्या भारानं गेला. मुंबईत दोन-दोन बलाढ्य यंत्रणा, कॅमेरे, हायकोर्ट, सगळं असून हात झटकता येतात. आपल्या तालुक्याच्या गावाला कोण विचारतंय? आपलं ऑफिस नांदेडला, त्याच्या वरचं सिकंदराबादला, आणि पैसा दिल्लीला. कागद तिकडून परत येईस्तोवर दोन पावसाळे जातात. पुलाचा धनी कोण हे कागदावर आज स्पष्ट आहे. उत्साहाच्या भरात ते आपणच धूसर करायला निघालोय.

मराठवाड्यानं रेल्वेसाठी पैसे दिलेच नाहीत असंही कुणी म्हणू नये. निजामाच्या काळात रेल्वे कंपनीच्या इंग्लंडमधल्या भागधारकांना व्याजाची हमी संस्थानाच्या तिजोरीतून होती, आणि ती तिजोरी आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्यानं भरत होती. १९३० मध्ये संस्थानानं रेल्वे विकतच घेतली. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय रेल्वेत गेली, रुळांसकट, पुलांसकट. आजही अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाचा निम्मा खर्च राज्याच्या माथी आहे. नवीन मार्गाला निम्मे पैसे द्या, वर जुन्या पुलाला वर्गणी द्या, आणि गाडी मागितली तर डबे नाहीत.

कुणीतरी खासदार निधीतून करा असंही सुचवलंय. वर्षाला ५ कोटी, सहा विधानसभा मतदारसंघ, त्यात शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, स्मशानभूमीचे शेड. त्यातून रेल्वेच्या गर्डरला रंग द्यायचा म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. खासदारसाहेबांनी निधी देऊ नये, संसदेत प्रश्न विचारावा. त्याला पैसे पडत नाहीत.

पोरांना माझं सांगणं एवढंच की चित्रं काढायचीच असतील तर शाळेची कंपाउंड वॉल मोकळी आहे, रंगाचे दोन डबे माझ्याकडून. पुलासाठी मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय: शेवटचा रंग कोणत्या तारखेला दिला, शेवटची सविस्तर तपासणी कधी झाली, किती रिव्हेट ढिले निघाले, किती बदलले, पुढचं रंगकाम कोणत्या वर्षाच्या मंजुरीत आहे. अर्जाची फी १० रुपये. सोमवारी पोस्टात टाकतोय. ज्यांनी ५०० काढून ठेवलेत त्यांनी त्यातले १० घेऊन यावं, मसुदा माझ्याकडं आहे, नुसतं नाव आणि पत्ता बदलायचा.