बिनमाशांची टाकी

गेल्या मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत नागपुरातील आमच्या प्रतापनगरच्या घरातील बैठकीत दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी एक काचेची टाकी उभी होती. तिच्यात दिवा होता, बुडबुडे सोडणारा फिल्टर होता, तांदळासारखी धुतलेली रेती होती, चार हिरव्या वनस्पतीही होत्या; फक्त मासे नव्हते. येणारा प्रत्येक जण टाकीसमोर वाकून डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पाहत असे, मग वनस्पतींच्या मागे डोकावत असे, आणि शेवटी माझ्याकडे वळून, एखाद्याच्या घरी दुःखद प्रसंग घडला असावा अशा हळू आवाजात विचारत असे, “मासोळ्या कुठं गेल्या?” त्या कुठेही गेलेल्या नसून अद्याप यायच्या आहेत, आणि त्या येण्यापूर्वी टाकीला सहा आठवडे तयार करावे लागते, हे मी सुरुवातीला उत्साहाने, नंतर थोडक्यात आणि अखेरीस केवळ हात हलवून सांगू लागलो.

या प्रकरणाला मागील वर्षाची पार्श्वभूमी आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हट्ट धरला म्हणून आम्ही काचेचे एक गोल भांडे आणि दोन गोल्डफिश घरी आणले होते. “काही नाही होत भाऊ, आजच घेऊन जा ना, आजच सोडा,” असे दुकानदाराने सांगितले, आणि आम्ही आज्ञाधारकपणे त्याच दिवशी सोडले. पाचव्या दिवशी दोघेही पोट वर करून तरंगताना आढळले. परसातल्या जास्वंदीखाली त्यांना पुरताना मुलीने मला एकच प्रश्न विचारला, “बाबा, तुम्ही आधी वाचलं का नाही?” नोकरीत वीस वर्षे काढूनही इतका अचूक ताशेरा माझ्यावर कोणी ओढला नव्हता. म्हणून या वेळी मी आधी वाचले, आणि वाचल्यामुळेच फसलो.

वाचनातून कळलेली पहिली गोष्ट म्हणजे वजन. वरील मापाच्या टाकीत काठोकाठ सत्तावन्न लिटर पाणी मावते आणि एका लिटरचे वजन एक किलो असते, हे शाळेत शिकूनही मी टाकी आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवण्याचे ठरवले होते. काच आणि रेती धरून पंचाहत्तर किलोंचा तो भार त्या टेबलावर ठेवणे म्हणजे मध्यम बांध्याच्या एका पाहुण्याला कायमचे टेबलावर बसवण्यासारखे होते. अखेर लोखंडी स्टँड करून घेतला, त्यावर फळी टाकली आणि फळीवर थर्माकोलचा ताव अंथरला, कारण फळीतला एखादा उंचवटा काचेला एका जागी टोचत राहिला तर काच केव्हा तरी तडकते. टाकी कोणत्या दिशेला ठेवावी यावर नातेवाइकांत वास्तुशास्त्रीय चर्चा दीड दिवस चालली. बैठकीत विजेचा प्लग एकाच भिंतीला असल्यामुळे ती निकालात निघाली.

त्यानंतर पाणी. आमच्या नळाला येणारे पेंच-कन्हानचे पाणी माणसांसाठी क्लोरीन घालून निर्जंतुक केलेले असते, आणि जंतूंना मारणारी ही गोष्ट माशांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. त्यावर उपाय म्हणून दुकानात जे खडे मिळतात, ते सोडियम थायोसल्फेट असते, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतील डार्करूममध्ये ‘हायपो’ या नावाने ओळखला जाणारा पदार्थ. ज्या हायपोने आमच्या आजोबांचा करारी कृष्णधवल चेहरा कागदावर कायम केला, तोच मी बादलीत विरघळवत होतो, याचे मला उगाच भरून आले.

येथपर्यंत सर्व काही शरीरश्रमाचे होते. खरा प्रश्न शेजारच्या काकांनी समोर मांडला. काकांची सारी नोकरी सांडपाणी शुद्धीकरणात गेलेली असल्यामुळे माझ्या टाकीकडे पाहताच त्यांचे डोळे पूर्वी कोणत्याही कौटुंबिक समारंभात चमकले नव्हते तसे चमकले. “हे पाहा,” ते म्हणाले, “तुमची टाकी म्हणजे लहानसा मैलापाणी प्रकल्पच आहे.” या वाक्याने माझ्या पत्नीच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी येथे लिहीत नाही. काकांचे म्हणणे मात्र शास्त्रशुद्ध होते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेले खाणे कुजूनही अमोनियाच होतो, आणि नव्या टाकीत तो नाहीसा करणारे कोणीच नसल्यामुळे मासा स्वतःच्याच उत्सर्जनात गुदमरतो. आमच्या दोन गोल्डफिशांचे हेच झाले होते. जुन्या टाकीत मात्र दोन प्रकारचे जिवाणू वस्तीला असतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, जे माशांना तितकेच घातक असते. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बरेच सौम्य असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. ही वस्ती बसवण्याच्या कामाला ‘सायकल करणे’ म्हणतात. ज्या शहरात १९५८ पासून पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था उभी आहे आणि ‘नीरी’ हा शब्द ऑटोवाल्यांनाही पाठ आहे, त्या शहरात मला हे चाळिशीनंतर कळावे, ही माझीच योग्यता.

या जिवाणूंचा स्वभाव आमच्या एका मामांसारखा आहे. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास त्यांना प्रथम वेगळे केले. त्याआधीचे संशोधक अपयशी ठरले ते पाहुणचाराच्या अतिरेकामुळे. इतर जंतूंना आवडणारे पौष्टिक जिलेटीन त्यांनी या मंडळींसमोर ठेवले, आणि या मंडळींनी त्याला तोंडही लावले नाही. त्यांना सेंद्रिय काहीच लागत नाही. अमोनिया, प्राणवायू आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. मात्र असे व्रतस्थ लोक वाढतातही व्रतस्थपणेच. पोटातले सामान्य जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, तर यांना दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून सहा आठवडे.

मासे नसताना त्यांना अमोनिया द्यायचा कोठून? काकांनी सांगितले, “नवसागर आणा.” नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. हिशेब असा होता की टाकीतील पन्नास लिटर पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया हवा असेल, तर एका वेळी साधारण तीनशे मिलिग्रॅम नवसागर पुरतो. हा आकडा कागदावर लिहून मी इतवारीत एका जुन्या दुकानात गेलो आणि सुशिक्षित माणसाने करू नये ती चूक केली, म्हणजे खरे सांगितले.

“तीनशे मिलिग्रॅम नवसागर पाहिजे.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. “कायले पाहिजे?”

“मासोळ्यांसाठी.”

“मासोळ्या काय नवसागर खातेत का, साहेब?”

“मासोळ्या नाहीत अजून. त्या येण्याआधी टाकीत घालायचा आहे.”

त्याने माझ्याकडे, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि माझ्या कागदाकडे बराच वेळ पाहिले. हातभट्टीच्या दारूत नवसागर पडतो हे विदर्भात लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि मी ते त्या क्षणापर्यंत विसरलो होतो. शंभर ग्रॅमची पुडी बांधून पुढे सरकवताना तो आवाज खाली आणून सहानुभूतीने म्हणाला, “गूळबी लागन का सोबत?”

शंभर ग्रॅम म्हणजे तीनशेहून अधिक मात्रा झाल्या. तेथून जवळच सराफा ओळीत एक परिचित आहेत. त्यांच्या तराजूवर मी अडीच-अडीच गुंजांच्या, म्हणजे साधारण तीनशे मिलिग्रॅमच्या, वीस पुड्या बांधून घेतल्या. सोन्याच्या काट्यावर नवसागर तोलताना त्यांचा नोकर आत जाऊन हसून आला. घरी पुडी उघडताच आई म्हणाली, “हा तर कल्हईवाल्याचा वास! आता कल्हईवालेच कुठं दिसतात?” आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेल्या आपल्या पितळी पातेल्यांची आठवण काढत ती बराच वेळ बसून राहिली.

पुढचे दिवस रंग पाहण्यात गेले. पाणी तपासण्याचे किट म्हणजे काचेच्या नळ्या, थेंबांच्या बाटल्या आणि रंगांचा एक तक्ता. अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते, असेल तर हिरवे होते. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळे. नायट्रेट असेल तर लाल. तक्त्यावर रंगांच्या सहा-सात पायऱ्या होत्या आणि मला, बहुतेक पुरुषांप्रमाणे, त्यांतल्या दोनच दिसत. परिणामी प्रयोगशाळेचा ताबा आईकडे गेला. “हा पोपटी नाही, शेवाळी आहे,” असे ती साडीच्या दुकानात बसल्यासारखी नळी खिडकीशी धरून सांगत असे आणि मी वहीत आकडा लिहीत असे. दहा दिवस शेवाळी हटला नाही. तिसऱ्याच दिवशी पाणी तांदळाच्या पेजेसारखे गढूळ झाले, तेव्हा घरातील सर्वांनी एकमुखाने ते बदलण्याचा आग्रह धरला. पण नव्या टाकीत असे होते आणि आपोआप निवळते, असे वाचल्याच्या जोरावर मी ठाम राहिलो आणि ते निवळले. संपूर्ण प्रकरणात माझा अंदाज बरोबर आला तो एवढाच.

बाराव्या दिवशी शेवाळी फिका पडला. सोळाव्या दिवशी नायट्राइटची नळी जांभळी झाली आणि आईने “वांगी कलर!” असे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असे जाहीर केले. मी ऑफिसातून रोज दुपारी फोन करून “आज कोणता?” असे विचारू लागलो. सोबत्यांनी त्याचा अर्थ काय लावला असेल याचा मी विचार केला नाही. गुढीपाडव्याला श्रीखंड खायला आलेल्या मंडळींपैकी एका काकूंनी माझ्या पत्नीला बाजूला घेऊन, घरात सर्व ठीक आहे ना, असे विचारले.

चोविसाव्या दिवशी मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा फिल्टर बंद होता आणि त्यातला स्पंज गच्चीवरील दोरीला, माझ्या दोन बनियनांच्या मध्ये, चिमटा लावून लटकत होता.

“किती घाण झाला होता रे तो,” आई म्हणाली, “नुसता काळा चिखल. मी साबण लावून नळाखाली छान धुतला आणि उन्हात टाकला. बघ, कसा नवा दिसतो आहे.”

तो खरोखरच नवा दिसत होता. जिवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. ते जेथे पाणी वाहते आणि प्राणवायू मिळतो अशा पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि आमच्या घरात असा पृष्ठभाग म्हणजे मुख्यतः तो स्पंज होता. क्लोरीनचे पाणी, साबण आणि नागपूरचे मार्चअखेरचे ऊन यांतले कोणतेही एक पुरेसे झाले असते. चोवीस दिवस अडीच गुंजांच्या मात्रेवर पोसलेली माझी वस्ती आईने मायेने, एका दुपारी, तिन्ही उपायांनी संपवली होती. मला रडू आले नाही, कारण काय गमावले हे शेजारच्या काकांखेरीज कोणाला समजावता आले नसते. ते मात्र बातमी ऐकून खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने “अरेरे” असे म्हणाले.

उपाय एकच होता. मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याकडे तीन वर्षांची जुनी टाकी होती. त्याने आपल्या फिल्टरचा मळकट स्पंज अर्धा कापून, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, स्टीलच्या डब्यात घालून दिला. डबा तापू नये म्हणून मी तो ओल्या पंचात गुंडाळून स्कूटरच्या पुढे पायांत धरून आणला, घरी येऊन ओट्यावर ठेवला आणि हात धुवायला गेलो. तेवढ्यात जेवायला आलेल्या मेहुण्याने झाकण उघडले. आत काळसर पाणी आणि त्यात एक जाड तुकडा. त्याला ते सावजी मटण वाटले, यात त्याचा दोष नव्हता. त्याने वास घेतला, भुवया उंचावल्या आणि मला पाहताच तज्ज्ञाच्या स्वरात म्हणाला, “भाऊजी, मसाला कच्चा राहिला आहे.”

त्या अर्ध्या स्पंजाने टाकी पुन्हा मार्गी लावली. आईला मी फिल्टरपासून दूर ठेवले, म्हणजे रंगांचे खाते पूर्णपणे तिच्याकडे आणि धुण्याचे खाते पूर्णपणे माझ्याकडे, आणि धुणे म्हणजे टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळणे, अशी तहाची कलमे ठरली. चव्वेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी टाकलेली पुडी पंचेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाहीशी झाली होती. अमोनियाची नळी लिंबू, नायट्राइटची आकाशी आणि नायट्रेटची डाळिंबी. आईने तिन्ही नळ्या खिडकीत ओळीने उभ्या केल्या आणि कोणालाही हात लावू दिला नाही.

अर्धे पाणी बदलून दुसऱ्या दिवशी आम्ही सहा गप्पी आणले. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवण्याचे काम मुलीने घड्याळ हातात घेऊन केले. आता पारा बेचाळीसवर होता आणि टाकीचे पाणी तेहतीस अंशांवर. वीस अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तो पस्तीस अंशांना जेमतेम सातवर येतो, त्यामुळे आईच्या दुपारच्या झोपेचा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा रोखण्यात आला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यामुळे पाणी तीन-चार अंशांनी उतरते आणि रोज दोन-तीन तांबे उडूनही जाते. आई आता दुपारी टाकीशेजारीच चटई टाकते; उरलेला वारा तिला पुरतो, असे तिचे म्हणणे आहे.

वीस पुड्यांपैकी चार आणि मूळ पुडीतला जवळजवळ सगळा नवसागर उरला होता. अक्षय तृतीयेच्या आधी महालाकडे एक कल्हईवाला बसतो अशी बातमी आईनेच कोठून तरी मिळवली, माळ्यावरचे पोते खाली उतरवले आणि नवसागर आपला घेऊन गेली. संध्याकाळी पाच पातेली आणि एक गंज आतून चांदीसारखे झालेले घेऊन ती परत आली आणि ते सारे तिने बैठकीत, टाकीच्या स्टँडखालच्या फळीवर मांडले. आता येणारे पाहुणे टाकीसमोर वाकतात ते पातेली पाहायला. “हे या मासोळ्यांमुळे झालं बरं,” असे आई त्यांना सांगते, आणि त्यांनी वर पाहिलेच, तर सहा गप्पी दाखवते.