फोल्डर उघडत होतं, बॅकअप होत नव्हता

नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत: "नॅस बॉक्स याच दुकानातून घेतला. माणूस तीनदा आला, तिन्ही वेळा ओके सांगून पैसे घेऊन गेला. १९ दिवस बॅकअप नव्हता. बॉक्सच डबडा आहे. शुक्रवारी दहाला येतो म्हणाला, एक वाजता उगवला." म्हापशाच्या दुकानाचा मालक म्हणून हे उत्तर मीच लिहितोय. नॅस बॉक्स म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, तिच्यावर रोज रात्री ऑफिसच्या फाइलींची प्रत, म्हणजे बॅकअप, जायची होती. तुमचं नाव, धंदा काही लिहीत नाही.

१९ दिवस बरोबर आहेत. बॅकअपचा लॉग, म्हणजे रोजच्या नोंदी, मी स्वतः बसून वाचला. १७ जून ते ५ जुलै, रोज रात्री साडेनऊला बॅकअपचा जॉब सुरू व्हायचा आणि मिनिटभरात लाल होऊन पडायचा. ६ जुलैला वीज गेली, हिशेबाची फाइल बिघडली आणि हातात उरला तो १६ जूनचा डेटा. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, भरायचा होता, म्हणून तुमच्याकडच्या दोघींना रात्री उशिरापर्यंत बसून सगळी बिलं पुन्हा चढवावी लागली. त्याबद्दल तुमची आणि त्या दोघींची माफी मागतो.

पण बॉक्स डबडा नाही. काय झालं ते सांगतो. जरा लांबण लागेल, कारण बिघाड एक नव्हता, एकाच्या पाठीला एक असे चार होते.

जूनच्या विजांनी तुमचा राउटर जळला. इंटरनेटवाल्यांनी नवा बसवला. राउटर नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता देतो. जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते द्यायचा, नवा १९२.१६८.० ने देतो. आम्ही बॉक्सला पक्का पत्ता घालून ठेवला होता, १९२.१६८.१.५०. म्हणजे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर दुसऱ्या वाड्यावर राहायला गेले आणि बॉक्स जुन्याच वाड्यावर राहिला. राउटर बदलल्याचं तुम्ही कळवलं नाहीत, असं मी म्हणणार नाही. ते कळवावं लागतं हे तुम्हाला कोण सांगणार होतं?

आमच्या दुकानात काम करणारा मुलगा १८ जूनला आला. बॉक्सला "पत्ता राउटरकडून आपोआप घे" असं करून दिलं, बॉक्सवरचं फोल्डर कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलं, उघडून दाखवलं आणि "उगडटा, सर" म्हणून निघाला. चूक इथेच झाली. झेड ड्राइव्ह हा समोर लॉगिन करून बसलेल्या माणसाचा असतो. बॅकअप करणारी सर्व्हिस विंडोजच्या सिस्टम खात्यावर चालते, तिला तो ड्राइव्ह दिसतच नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ती सर्व्हिस म्हणजे राखणदार. तुम्ही झोपलात तरी तो फिरतो, पण तुमच्या खिशातली चावी त्याच्याकडे नसते. मुलाने तुमच्या चावीने दार उघडून बघितलं. लॉगमध्ये रात्रीची नोंद: पाथ सापडत नाही.

२१ तारखेला तो परत आला. झेड काढून, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होतो तो बॉक्सवरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता बॅकअपमध्ये घातला. हे योग्य केलं. पण युजरनेम-पासवर्ड घातला नाही, कारण बघताना विचारला गेला नाही. विचारणार कसा, तुमच्या लॉगिनमध्ये तो आधीच सेव्ह होता! राखणदाराकडे तोही नव्हता. रात्री: ॲक्सेस डिनाइड. आता बॉक्स सापडत होता, पण आत घेत नव्हता. लॉग वाचणाऱ्याला एवढ्यावरून कळलं असतं की घोटाळा पत्त्याचा राहिला नाही, पासवर्डचा आहे. वाचला कोणी नाही.

२७ तारखेचा शुक्रवार. उशिराचं कारण म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि वर पाऊस. तरी दहा सांगून एकला येणं चूकच, आम्ही काय म्हापशाला नवीन आहोत? त्या दिवशी मुलाने बॅकअपसाठी वेगळा युजर केला. टेस्टचं बटण दाबलं तर १२१९ नंबरची एरर. विंडोजला एकाच सर्व्हरवर (इथे बॉक्सवर) एकाच वेळी दोन नावांनी गेलेलं चालत नाही, आणि झेड ड्राइव्ह तुमच्या नावाने पुन्हा जोडला गेला होता. तो तोडायचा सोडून मुलाने पळवाट काढली. बॉक्सच्या नावाऐवजी त्याच्या पत्त्याचा नंबर घातला, शेवटी १४ असलेला. नंबर घातला की विंडोज त्याला दुसराच सर्व्हर समजतं. हिरवी टिक आली. मुलगा खूश, तुम्ही खूश.

संध्याकाळी सातला वीज गेली, आठला आली. राउटरने पत्ते नव्याने वाटले, बॉक्सच्या पत्त्याचा शेवटचा आकडा १४ चा १७ झाला. साडेनऊला जॉब १४ वर जाऊन परत आला. एरर ५३, नेटवर्क पाथ सापडत नाही. तिथून ५ जुलैपर्यंत रोज तेच.

आणि चौथा बिघाड, जो लिहायला मला सगळ्यात जड जातंय. जॉब पडला की सॉफ्टवेअर मेल पाठवतं. १९ च्या १९ रात्री मेल गेली. ती जात होती आमच्या एका जुन्या टेक्निशियनच्या पत्त्यावर, जो एप्रिलमध्येच नोकरी सोडून गेला. पत्ता बदलायचं काम माझं होतं.

७ जुलैला मी स्वतः येऊन काय केलं ते तुम्ही बघितलंत, वाचणाऱ्यांसाठी लिहितो. बॉक्सचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवला, आता वीज कितीही वेळा गेली तरी तो हलणार नाही. झेड ड्राइव्ह काढला. बॅकअपच्या युजरचं नाव-पासवर्ड जॉबच्या सेटिंगमध्येच घातलं. टेस्टच्या टिकवर न थांबता पूर्ण जॉब चालवला आणि त्यातलं एक बिल परत उतरवून तुमच्यासमोर उघडलं. मेल आता तुम्हालाही येते आणि मलाही. तेव्हापासून तोच बॉक्स रोज रात्री बॅकअप घेतोय. म्हणून बॉक्सचे पैसे मी परत देणार नाही. तीन खेपांचे १,५०० रुपये मात्र परत पाठवले आहेत, आणि दोघींच्या जादा वेळाचा पगार किती झाला तो आकडा कळवा. मागे फोनवर तुम्ही "राहू दे" म्हणालात, पण राहू देऊ नका.

एक गोष्ट राहिली. मधल्या काळात तुमच्या भाच्याने व्हिडिओ बघून एका कॉम्प्युटरवर एसएमबी १ चालू केलंय. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाइली देण्या-घेण्याची विंडोजची भाषा, १ ही तिची जुनी आवृत्ती. त्याचा हेतू चांगला होता, पण तुमचा बॉक्स एसएमबी २ आणि ३ बोलतो, त्याला १ ची गरजच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या एसएमबीच्या भोकातून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते आपोआप बसवणं बंद करत आणलं. ७ तारखेला तो कॉम्प्युटर बंद होता, म्हणून हे माझ्या हातून सुटलं. मंगळवारी सकाळी येऊन काढून देतो, पैसे नाहीत. फक्त शुक्रवारी बोलावू नका.