क्रांतिज्योतींचे बॉलपेन

गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवाल्याने मला सावित्रीबाई फुल्यांची सही पाचशे रुपयांना देऊ केली. रेघांच्या वहीचे पान चहात बुडवून पिवळे केलेले होते (चहात वेलची होती), वर ‘१८५२’ असा सन घातला होता आणि खाली ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले’ अशी ठसठशीत निळी सही होती. जुन्या लेखिका आणि समाजसुधारक स्त्रियांच्या सह्या जमवण्याचा नाद मला वीस वर्षांपासून आहे. त्यामुळे मी नम्रपणे एवढेच म्हटले, की सही बॉलपेनची दिसते, बाई १८९७ साली प्लेगच्या साथीत गेल्या आणि असली पेने बाजारात आली ती १९४०च्या दशकात.

पथारीवाला गप्प राहिला. शेजारी नळाच्या जुन्या तोट्या निरखत उकिडवे बसलेले सफारीतले एक गृहस्थ मात्र उठले.

“सावित्रीबाई काळाच्या पुढे होत्या, हे तुम्हाला मान्य आहे ना?”

“आहे, पण...”

“मग झालं तर!”

त्या काळी हातचे लिखाण बहुधा मोडी लिपीत असे, हा मुद्दा मी काढला. हयात माणूस स्वतःच्या नावाआधी ‘क्रांतिज्योती’ लावत नाही, असेही सांगून पाहिले. “तुम्ही नाही लावणार, त्यांचा अधिकार होता,” असे उत्तर आले आणि भोवती जमलेल्या चौघांनी माना डोलावल्या. “बाईमाणूस असून सावित्रीबाईंवर संशय घेता, ताई? त्या नसत्या तर ही सही तुम्हाला वाचता तरी आली असती का?”

मुळात या बायकांच्या सह्या मिळाव्यात कुठून? बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी छापली गेली ती १९५२ साली, त्यांच्या पश्चात. मालतीबाई बेडेकरांना १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड राहावे लागले. मागे एका वाड्यात मला पणजोबांच्या सहीच्या वाणसामानाच्या याद्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेल्या दाखवल्या गेल्या. पणजीच्या पत्रांविषयी विचारले, तेव्हा “बंबात गेली असतील” असे सांगून घरच्यांनी पोह्यांची बशी पुढे केली. त्या पोह्यांचा घास अजून घशात अडकलेला आहे.

सफारीवाल्यांनी ते पान घासाघीस करून तीनशेला घेतले, छातीशी धरले आणि आपला मोबाइल माझ्या हातात दिला.

“ताई, सही नीट आली पाहिजे बरं का.”