मागं बसलेले मामा

जाहिरात सिनियर फ्रंट-एंड डेव्हलपरची, म्हणजे वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग बांधणाऱ्याची होती. मागण्या अशा: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, जमल्यास अँग्युलर, टेस्टिंग, अ‍ॅक्सेसिबिलिटी (म्हणजे साइट कुणालाही वापरता येणं), परफॉर्मन्स आणि वर संवादकौशल्य. आमच्या सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात. संवादाचं आम्हाला कोण शिकवणार!

मुलाखत ऑनलाइन, भर मे महिन्यात, दुपारी बाराला. माइकमध्ये घरघर जाते म्हणून पंखा बंद. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. शेजारच्या यंत्रमागाला गप्प बस म्हणायची सोय नाही. आणि मागं पलंगावर मामा. चादरीच्या कारखान्यात त्यांची हयात गेली.

सुरुवात बरी झाली. जावास्क्रिप्टमध्ये 'नल'चा, म्हणजे 'काहीच नाही' या मूल्याचा प्रकार विचारला तर ती 'ऑब्जेक्ट' का सांगते? १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी ही भाषा १० दिवसांत उभी केली, तेव्हाची ती गफलत. आता दुरुस्त करावी तर जुन्या साइट मोडतील, म्हणून तशीच ठेवलीय.

"अ‍ॅक्सेसिबिलिटीचं काय?" साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून, "का बे, ह्यात पैसे भरायचं बटण कुठाय?"

मामा मोबाइलवर कसलंसं बिल भरत होते. डोळ्यात मोतीबिंदू, आणि पांढऱ्या पानावर फिकट करडी अक्षरं. डिझायनरला ती नाजूक वाटली असणार. मी कॅमेऱ्याकडे बघत सांगून टाकलं, साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक हवा. मामांना बटण सापडलं. दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं, अंगठा रोवून.

"दोनदा कापले बे पैसे!"

"परफॉर्मन्स?" साहेब.

बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत ते बटण पुन्हा दाबता येऊ नये. खरं तर दुबार मागणी सर्व्हरनंही ओळखायला हवी. पण बॅक-एंडवर, म्हणजे सर्व्हरवाल्यांवर ढकलायची संधी आली की आम्हा फ्रंट-एंडवाल्यांना सोडवत नाही.

मामा मात्र आता थेट कॅमेऱ्यात. "नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाच्या पुठ्ठ्याला भोक असलं की धागा उचलतो, नसलं की नाही. एक पुठ्ठा चुकला की मोराची मान वाकडी! तसली चादर गिऱ्हाइकाला दिली असती तर मालकानं हाकललं असतं. हे बटण करणाऱ्याला सिनियर कुणी केला बे?"

साहेबांनी माइक बंद केला. खांदे हलताना दिसत होते.

दुसरी फेरी मंगळवारी आहे. मामांना म्हटलं, त्या दिवशी तेवढं बाहेरच्या खोलीत बसा.

"मी कशाला बोलतो बे? नुसतं मागं बसतो."