उजनीत ट्राउट? तो मेसेज खोटा आहे

‘उजनी धरणात ट्राउट सोडलाय, उन्हाळा सरताना भर दुपारी गळाला लागतो,’ असा मेसेज सोलापुरात फिरतोय. गळ टाकणाऱ्या मित्रांनो, तो पुढे पाठवू नका.

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाणी साधारण २० अंशांवर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तो टिकणार कसा? इंग्रजांनी तो आणला तो काश्मीर, कुलू, निलगिरीच्या थंड ओढ्यांत. उजनीत मिळतात ते चिलापी, रोहू, कटला, मरळ. शंका आली तर मासा हातात घेऊन बघा: ट्राउटच्या पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक छोटा, मांसल पर असतो. चिलापीला तो नसतो.

दुपारची गोष्ट तर उलटीच आहे. हिमाचलात तीर्थन नदीच्या काठी ट्राउटसाठी जाणार असाल तर उन्हाळा सरताना पहाटेच पाण्यावर जा, तेव्हा पाणी सर्वांत थंड असतं. पिसांपासून केलेली खोटी माशी गळाला बांधून खळखळत्या धारेत सोडा, कारण तिथं प्राणवायू जास्त. आणि पाणी तापलं असेल तर गळ टाकूच नका, हे मी कळकळीनं सांगतो. दमलेला ट्राउट तुम्ही परत सोडलात तरी बऱ्याचदा मरतो. परवाना मत्स्य विभागाकडून आधी घ्यावा लागतो.